जोडीचा विमा

आमचा धंदा सेंट्रिंगचा. स्लॅब टाकण्याआधी त्याच्या खाली लोखंडी प्लेटा आणि टेकू लावून जो साचा उभा करतात, ते आमचं काम. स्लॅब पक्का झाला की साचा काढायचा, प्लेटा खरवडायच्या, त्यांना ऑइल लावायचं आणि पुढच्या साइटवर न्यायच्या. लग्न झालं तेव्हा नवरा भाड्याच्या प्लेटांवर काम करायचा, आता प्लेटा आमच्या आहेत. तो साइट पाहतो आणि बाकीचं सगळं मी पाहते. कुठल्या साइटवर प्लेटा अडकून पडल्या, गाडी कधी रिकामी आहे, कुठल्या घरमालकाशी गोड बोलायचं आणि कुठल्याशी नाही, हे माझ्याकडे. साइटवरही मी रोज असते. स्लॅब टाकायच्या दिवशी खाली उभं राहून टेकूंवर नजर ठेवायचं काम माझंच, कारण त्या वेळी नवऱ्याला वर काँक्रीटवाल्यांशी भांडायचं असतं.

विम्याचा विषय आमच्या धंद्यात कुणी काढत नाही. घरमालक विचारत नाही, म्हणून ठेकेदार सांगत नाही. काही झालंच तर घरमालक थोडं देतो, ठेकेदार थोडं देतो, जखमीच्या गावाहून दोन जाणती माणसं येतात, चहा होतो, बोलणी होतात आणि मिटतं. मिटतं म्हणजे जखमी माणूस घरी बसतो आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी कामावर येतात.

आम्हीही असंच चालवलं असतं. पण लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं काम आलं. नवं गोदाम आणि त्याला लागून दुमजली ऑफिस. तोवर आम्ही घरं केली होती, एखादं मंगल कार्यालय केलं होतं, एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळत होतं. कामाच्या पत्रात एक अट होती. गेटच्या आत येणारा प्रत्येक कामगार विम्याखाली असला पाहिजे, नाहीतर त्याला आत सोडणार नाही. नवऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. त्याला न आवडलेला कागद नेहमीच माझ्या हातात येतो.

विम्याचं काम करणारा नवऱ्याचा एक शाळासोबती आहे. माणसांचा विमा काढतो, गाड्यांचा काढतो आणि मधून मधून जुनी मोटारसायकलही विकून देतो. तो एका शनिवारी दुपारी आमच्या आवारात आला आणि प्लेटांच्या थप्पीवर रुमाल टाकून बसला. मला तो वहिनी म्हणतो. त्याने आधी विचारलं की आतापर्यंत काय आहे. नवरा म्हणाला, बांधकाम कामगार म्हणून सगळ्यांची सरकारी नोंदणी आहे, सामानाची पेटी मिळाली, भांडी मिळाली, बँकेतून वर्षाला अपघात विम्याचे थोडे पैसेही कटतात. आमच्या गँगमध्येही विमा म्हणजे ती पेटी, असाच बऱ्याच जणांचा समज होता. शाळासोबत्याने समजावून सांगितलं की ते सगळं ठीक आहे, पण ते ज्याचं त्याचं आहे. तुमच्या कामावर तुमचा माणूस जखमी झाला तर ती तुमची जबाबदारी, आणि कारखान्याला त्या जबाबदारीचा कागद हवा आहे.

मग त्याने एकेक प्रकार सांगायला सुरुवात केली. प्लेटा चोरीला गेल्या तर त्याचा विमा. तो मी ऐकता ऐकताच सोडून दिला, कारण त्यात माल कुलपात असायला हवा होता आणि आमच्या प्लेटा जन्मभर उघड्यावर असतात. वरून काही पडून रस्त्यावरचा माणूस किंवा शेजाऱ्याची गाडी सापडली तर त्याचा विमा. तो घ्यायचा ठरवला, कारण गोदामाच्या बाजूनेच कारखान्याचे ट्रक जाणार होते. आणि तिसरा, मुख्य, आपल्या कामगारांचा. कामगार किती, त्यांचं काम कुठल्या जातीचं आणि त्यांना मजुरी किती, यावर त्याचा हप्ता ठरतो.

"माणसं किती?" त्याने विचारलं.

"सहा जोड्या अन् दोन मिस्त्री," नवरा म्हणाला.

शाळासोबत्याने कागदावर आठ लिहिलं. आम्हा तिघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

जोडी म्हणजे नवरा-बायको. ही पद्धत वीटभट्टीवरून आलेली आहे. तिथे मजुरी जोडीला ठरते, घर जोडीला मिळतं, उचल जोडीला मिळते. तीच माणसं पुढे बांधकामावर आली आणि सवयही बरोबर घेऊन आली. आमच्याकडे नवरा वर चढून प्लेटा बसवतो, बायको खालून उचलून देते, टेकू धरते, फटी बुजवते. शनिवारी मजुरी जोडीची म्हणून निघते आणि नवऱ्याच्या हातात जाते. जोडीला नावही त्याचंच. ठेकेदार एकमेकांना फोनवर विचारतात, तुझ्याकडे दोन जोड्या मोकळ्या आहेत का. एक बाई मोकळी आहे का, असं कुणी विचारत नाही. शाळासोबत्याच्या वडिलांचं घर अशाच जोड्यांनी बांधलेलं, त्यामुळे त्यालाही आठच माणसं दिसली.

हप्ता माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाला. नवरा खूश झाला. संध्याकाळी मजुरी घ्यायला सगळे आवारात आले तेव्हा शाळासोबती आधार कार्डांच्या प्रती गोळा करायला थांबला होता. पुरुष एकेक करून देत होते. झरी जामणीकडची एक बाई रांगेत आली आणि तिनेही आपलं कार्ड पुढे केलं. ही कोलाम समाजाची, तिशी ओलांडलेली, आमच्या गँगमध्ये सगळ्यात जुनी. नवऱ्याशी कोलामीत बोलते, आमच्याशी वऱ्हाडीत. आदल्या वर्षी दुसऱ्या एका ठेकेदाराकडे तिच्या पायावर प्लेट पडली होती. तिथे त्यांनी तिला दवाखान्यात नेलं नाही, कारण तिचं नाव कुठेच नव्हतं. चुना-हळद लावून ती घरी पडून राहिली आणि जोडी मोडली म्हणून नवऱ्यालाही काम सोडावं लागलं. हे तिने आमच्याकडे आली तेव्हाच सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, आपण कुठून आलो ते सांगावं तसं.

शाळासोबती तिला म्हणाला, तुमचं नको, यजमानांचं दिलं ना.

"काहून? वरून प्लेट सुटली तं ते काय कार्ड पाहून पडते?"

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. शाळासोबतीही हसला. मी मात्र त्याच्या हातातला कागद घेतला आणि पाहिलं. आठ. आणि आवारात माझ्यासमोर चौदा माणसं उभी होती. सोमवारी काम सुरू होताना कारखान्याच्या गेटवर पहारेकरी जोड्या मोजणार नव्हता, डोकी मोजणार होता. सहा बायका गेटच्या बाहेर राहणार होत्या, आणि आत गेलेल्या सहा पुरुषांना खालून प्लेट द्यायला कुणी असणार नव्हतं.

आता तिथे उभ्या उभ्या ठरवायचं होतं. बायका कामगार म्हणून विम्यात येणार की नाही, आणि आल्या तर कितीच्या म्हणून येणार. हे सगळ्यांच्या देखत चाललं होतं, कारण मजुरी घेतल्याशिवाय कुणी जाणार नव्हतं आणि माझ्या हातात कागद असताना मजुरी निघणार नव्हती.

शाळासोबत्याने पहिला तोडगा काढला तो स्वस्तातला. बायकांना झाडलोट आणि पाणी मारणं या कामाखाली दाखवू. जमिनीवरचं काम, धोका कमी, हप्ता कमी. नवऱ्याने लगेच मान हलवली. मी त्याला म्हटलं, साचा काढताना काय होतं ते तूच सांग. साचा काढताना पुरुष वर ठोकतो, प्लेट सुटते आणि खाली बाई उभी असते ती झेलायला. आमच्या कामात सगळ्यात वाईट जागा असेल तर ती. उद्या त्या जागी बाई सापडली आणि कागदावर झाडू असला, तर कंपनी म्हणेल, झाडणारी बाई सुटणाऱ्या प्लेटेखाली काय करत होती. आणि त्यांचं बरोबर असेल. असा विमा काढण्यापेक्षा न काढलेला परवडला. त्यात निदान हप्ता तरी वाचतो.

"मंग लिहा सेंट्रिंग," शाळासोबती म्हणाला. "पण वहिनी, बाईची मजुरी किती लिहू?"

जोडीची मजुरी सगळ्यांना माहीत होती. तिच्यातली बाईची किती, हे आजवर कुणी काढलंच नव्हतं.

शाळासोबत्याने घाई केली. त्याच्या मते बाईची मजुरी कमीत कमी लिहावी, हप्ता तितकाच कमी. मी त्याला विचारलं, समजा बाईचा हात मोडला, तर तिला काय मिळणार ते कशावर ठरतं. तो म्हणाला, तिच्या मजुरीवर. म्हणजे आपण इथे जे लिहू, तेवढाच तिचा हात. तो म्हणाला, हो, तसंच समजा.

हे सगळ्यांनी ऐकलं. मग बोलणं सुरू झालं.

महागावकडचा एक जण होता. कामाला चांगला, तोंडाने त्याहून चांगला. त्याने आधी मला समजावलं की बायकोचे पैसे वेगळे काढून काही होत नाही, घर तर एकच आहे, चूल एकच आहे. मग म्हणाला, काढायचेच असतील तर तीन हिस्से करा, दोन माणसाचे, एक बाईचा. वर चढणं म्हणजे काय खेळ नाही. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती आणि पदराच्या टोकाने प्लेटांवरचं ऑइल बोटांवरून पुसत होती.

"अर्धे," झरीची बाई म्हणाली.

"अर्धे कायले? तू चढतं का वर?"

"तू उतरतं का खाली?"

एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मध्येच विचारलं की तिचा नवरा काय म्हणतो. झरीच्या बाईचा नवरा तंबाखू मळत उभा होता. "मले नका इचारू," तो म्हणाला. "मले तिच्यासंगच घरी जा लागते." त्यावर सगळे हसले, महागाववालाही हसला, पण आपला हिशोब त्याने सोडला नाही. बाकीच्या पुरुषांपैकी दोघे त्याच्या बाजूने होते, दोघांना लवकर घरी जायचं होतं.

माझ्या नवऱ्याची अडचण वेगळी होती. तो मला बाजूला घेऊन म्हणाला की अर्धे लिहिले तर उद्या मजुरांच्या चौकात सगळ्या ठेकेदारांकडे बायका अर्धे मागतील आणि ते मला शिव्या देतील. मी म्हटलं, देऊ देत, तुला त्यांच्याकडे जेवायला जायचं नाही. पण त्याच्या बोलण्यावरूनच मला आठवलं. आमच्या जोड्यांत बायको कधी माहेरी जाते, कधी बाळंतपण असतं, कधी कापूस वेचायला गावी राहते. तेव्हा नवरा एकटा येतो. मी सगळ्यांसमोर माझ्या नवऱ्याला विचारलं, बायको आली नाही त्या दिवशी तू जोडीच्या माणसाला किती देतोस?

तो म्हणाला, "अर्धी."

मी महागाववाल्याला विचारलं, दिवाळीनंतर त्याची बायको बहिणीकडे गेली होती, तेव्हा त्याने किती घेतले. त्याने अर्धेच घेतले होते, कुरकूर न करता, कारण तशीच रीत आहे. मग मी म्हटलं, ती नसली की अर्धे कमी होतात. म्हणजे ती असली की अर्धे तिचे असतात. यात ठरवायचं काय राहिलं.

"तसं नसते ना वहिनी," तो म्हणाला. शाळासोबत्याने अर्धे लिहिले. हप्ता वाढला, चांगलाच वाढला. नवऱ्याने तो आकडा पाहिला आणि पाणी प्यायला गेला.

मला वाटलं झालं. पण अजून एक फाटा होता. शाळासोबत्याने विचारलं, नावानिशी काढायचा की बिननावाचा. नावानिशी काढला तर चौदा नावं लिहायची आणि त्या चौदा जणांनाच तो लागू. बिननावाचा काढला तर फक्त किती माणसं आणि कुठलं काम एवढंच लिहायचं, मग त्या संख्येत त्या दिवशी कामावर जो असेल तो धरला जातो. नावानिशीचा जरा स्वस्त. पण आमच्या गँगमधली माणसं एक सबंध ऋतू सारखी राहत नाहीत. पेरणीला काही जण जातात, वेचणीला काही, एखाद्याच्या जागी त्याचा भाऊ आणि भावजय येतात. दर आठवड्याला नाव बदलून आणायला मला वेळ नव्हता, आणि बदलायचं राहून गेलं त्याच दिवशी काहीतरी झालं असतं. मी बिननावाचा घ्यायचं ठरवलं.

झरीची बाई अजून आपलं कार्ड हातात धरून उभी होती. "म्हंजे आमचं नाव आताबी नाहीच," ती म्हणाली.

मी सांगितलं की तुझंही नाही आणि पुरुषांचंही नाही. कुणाचंच नाही. चौदा माणसं, एवढंच. ते ऐकल्यावर पुरुषच नाराज झाले. आपलं नाव इंग्रजीत छापून येणार, शिक्का असणार, गावी दाखवता येईल, असं त्यांच्या मनात होतं. महागाववाला म्हणाला, मग एवढी कार्डं कशाला घेतली. त्याला मी समजावलं की नाव पॉलिसीत नसेल पण हजेरीत असेल, आणि हजेरीतलं नाव ताडायला कार्ड लागेल. रोज सकाळी प्रत्येकाने आपापली सही किंवा अंगठा द्यायचा, बाईने बाईचा, पुरुषाने पुरुषाचा. जोडीची एक सही चालणार नाही. आणि हजेरी वेगळी म्हटल्यावर शनिवारची मजुरीही ज्याची त्याच्या हातात जाईल, कारण कागदावर एक आणि हातात दुसरं असं मला चालणार नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यांच्या कार्डांच्या सहाही प्रती शाळासोबत्याच्या पिशवीत गेल्या.

जाता जाता त्याने मला आणि नवऱ्याला सांगितलं की कामगारांच्या विम्यात मालक येत नाही. तुम्ही दोघं साइटवर असता, तर तुमचा अपघाताचा विमा वेगळा घ्या. नवऱ्याचा त्याने लगेच भरला, व्यवसाय सेंट्रिंग ठेकेदार. माझ्या कागदावर त्याने न विचारता गृहिणी लिहिलं. मी वाचून दाखवलं तेव्हा झरीची बाई आवाराच्या गेटपाशी पोचली होती, पण तिने ऐकलं.

"बाई, तुमचंबी जोडीतच गेलं का?"

मी शाळासोबत्याकडून नवा कागद घेतला आणि स्वतः भरला.

सोमवारी लोहाऱ्याच्या गेटवर पहारेकऱ्याने डोकी मोजली, चौदा भरली आणि सगळ्यांना पिवळी हेल्मेटं दिली. बायकांनी ती पदरावरून घातली, मग काढली, मग पदर खोचून घातली. काम सुरू झालं. हजेरीचा प्रकार पहिल्या आठवड्यात सगळ्यांना जड गेला. पुरुष सवयीने दोघांची सही करायचे आणि मी बाईला परत बोलवायची. शनिवारी मी मजुरी वेगवेगळी दिली. महागाववाल्याने गेटच्या बाहेर पडल्या पडल्या बायकोपुढे हात केला आणि तिने पैसे त्याच्या हातावर ठेवले. झरीच्या बाईने आपले कमरेला खोचले आणि नवऱ्याने मागितलेही नाहीत. बाकीच्या घरांत काय झालं ते मला माहीत नाही. मी मजुरी हातात देते, पुढचं माझं काम नाही.

गोदामाचा साचा नीट निघाला. ऑफिसचा पहिला मजला काढताना मात्र एक टेकू उलटा फिरला. महागाववाला वर ठोकत होता आणि त्याची बायको खाली प्लेट धरून होती. टेकू तिच्या उजव्या हातावर आला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. ती हात पोटाशी धरून खाली बसली. झरीच्या बाईने तिला उचललं आणि आम्ही कारखान्याच्याच गाडीतून तिला यवतमाळला दवाखान्यात नेलं. मनगटाच्या वरचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं.

मी त्याच दुपारी शाळासोबत्याला फोन केला आणि त्याने कंपनीला कळवलं. दवाखान्याचे कागद, गेटवरची नोंद, हजेरीचं पान, सगळं दिलं. काही दिवसांनी कंपनीचा माणूस आला. आधी त्याने टेकू पाहिला, जागा पाहिली, मग तिच्या घरी गेला. मीही गेले होते. त्याने तिला विचारलं, काम काय करता. ती म्हणाली, सेंट्रिंग. मजुरी किती. तिने आकडा सांगितला, अगदी बरोबर, आणि सांगताना एकदाही नवऱ्याकडे पाहिलं नाही. माणसाने लिहून घेतलं, हजेरीशी ताडून पाहिलं आणि गेला. काम बंद असल्याच्या काळाची भरपाई मिळणार होती आणि दवाखान्याचा खर्चही, कारण शाळासोबत्याच्या सांगण्यावरून आम्ही औषधपाण्याचं कलम जास्तीचं घेतलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी नवरा-बायको दोघं आमच्या घरी आले. तिचा हात गळ्यात बांधलेला. मी त्यांना बसायला सांगितलं. ती ओट्याच्या पायरीवर बसली, तो उभाच राहिला. मला वाटलं उचल मागायला आला असेल. तसं नव्हतं. त्याने कुणाकडून तरी हिशोब करून आणला होता की बायकोला किती मिळणार, आणि तो त्याला कमी वाटत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तिची मजुरी जराशी जास्त दाखवता येईन का?"

मी म्हटलं, किती जास्त?

तो बोलत सुटला. ती पहाटे उठते, पाणी भरते, स्वयंपाक करते, पोरांचं करते आणि मग साइटवर येते. साइटवर दिवसभर वाकून प्लेटा उचलते. हात मोडल्यापासून हे सगळं त्याच्यावर आलं होतं आणि त्याच्या बोटाला तव्याचा चटका बसलेला दिसत होता. "माह्याइतकं तं करतेच ते," तो म्हणाला. "जास्तच म्हना एखांद्या वक्ती."

"पुन्हा सांगा नं," त्याची बायको पायरीवरून म्हणाली. "बाई आयकून राह्यल्या."

मी त्याला सांगितलं की कागदावर अर्धी लिहिली आहे, हजेरीत अर्धी आहे, तिने स्वतःच्या तोंडाने अर्धी सांगितली आहे. आता वाढवली तर ते खोटं होईल आणि आहे तेही जाईल. त्या शनिवारी आवारात तीन हिस्से केले असते तर यापेक्षाही कमी मिळालं असतं, हे मी बोलले नाही. ते त्याला कळलं होतं, म्हणूनच तो उभा होता. मी चहा टाकला. तिला एका हाताने चहा बशीत ओतता येत नव्हता, म्हणून त्याने बशीत ओतून तिच्यापुढे धरला. तो पिऊन झाल्यावर तिने मला विचारलं की पैसे तिच्या खात्यात येतील की त्याच्या. मी सांगितलं, तुझ्या. तिने मान हलवली आणि विचारलं की प्लास्टर निघाल्यावर तिची जागा राहील ना. मी म्हटलं, राहील.

सोमवारी तो एकटाच लोहाऱ्याला आला. गेटवर नाव सांगितलं, हजेरीत सही केली आणि वर चढला. त्याच्या खाली त्या दिवशी झरीची बाई उभी राहिली, आपल्या नवऱ्याला आणि त्याला, दोघांना प्लेटा पुरवत.